नास्तिकांचा बुद्ध

शहरांतील सुशिक्षित मंडळींत देवाधर्माचा विषय निघाला आणि त्यांत कोणी स्वतःस नास्तिक म्हणविणारा असला, म्हणजे थोड्याच वेळांत बुद्धाचें नांव निघतें. देव नाहीं, आत्मा नाहीं, परलोक नाहीं, पूजाअर्चा नाहीं, जें आपल्या बुद्धीस पटेल तेवढेंच मानावें, असें सांगणारा एक तरी धर्मसंस्थापक होऊन गेला व तो आमच्या पक्षाचा होता, असें हा गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतो. श्रोत्यांपैकीं आस्तिकांस तें ऐकून वाईट वाटतें, आणि इतरांस बुद्धाविषयीं आदर वाटूं लागतो. पण बुद्धाचे ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी दोघांपैकीं कोणीच घेत नाहीं. मराठी वाचकास तर ही सबब फारशी उरलेलीच नाहीं. गोमंतकांत जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनीं १९०२ सालीं सिंहलद्वीपांत दीक्षा घेऊन पाली भाषेचें अध्ययन केलें, आणि पुढें आयुष्यभर तें ज्ञान मराठींतून लोकांपुढें मांडलें. त्यांचीं पुस्तकें वाचनालयांत आहेत. तीं कपाटांतून खालीं काढण्याचा काय तो प्रश्न आहे.

प्रथम ‘नास्तिक’ हा शब्दच पाहिला पाहिजे, कारण अर्धा घोटाळा तेथेंच आहे. आज आपण हा शब्द ईश्वर न मानणारा या अर्थानें वापरतों. जुन्या संस्कृत ग्रंथांत तो अर्थ मुख्य नव्हता. मनुस्मृतींत वेदांची निंदा करणारास नास्तिक म्हटलें आहे. पाणिनीनें आस्तिक, नास्तिक हे शब्द सिद्ध करून दाखविले आहेत, आणि त्या सूत्रावर काशिकाकारांनीं जो खुलासा केला आहे तो असा कीं, परलोक आहे असें ज्याचें मत तो आस्तिक व त्याच्या उलट तो नास्तिक. मीमांसकांना जगाचा कर्ता ईश्वर नको होता, आणि सांख्यकारिका वाचणारासही त्यांत ईश्वर कोठें सांपडत नाहीं. तरी या दोघांस कोणी नास्तिक म्हटलें नाहीं. मनूच्या मापानें बुद्ध नास्तिक ठरतो हें खरें. परंतु काशिकाकारांच्या मापानें तो निःसंशय आस्तिक आहे. मग आजच्या अर्थानें, म्हणजे ईश्वर न मानणारा या अर्थानें, त्यास काय म्हणावें?

येथें एक समजूत फार पसरलेली आहे ती अशी कीं, ईश्वर आहे किंवा नाहीं असें विचारलें असतां बुद्ध गप्प बसत असे. ज्या दहा प्रश्नांचीं उत्तरें त्यानें दिलीं नाहींत ते मज्झिमनिकायांतील मालुंक्यपुत्ताच्या सुत्तांत दिलेले आहेत. जग शाश्वत कीं अशाश्वत, सान्त कीं अनन्त. जीव व शरीर एकच कीं निराळीं. आणि तथागत मरणानंतर असतो, नसतो, असतो व नसतो, कीं असतोही नाहीं व नसतोही नाहीं, असे ते दहा प्रश्न होत. या यादींत ईश्वराचा प्रश्न नाहीं. विषारी बाण लागलेल्या मनुष्याची प्रसिद्ध उपमा याच सुत्तांतली. बाण मारणारा कोणत्या जातीचा, उंच कीं ठेंगणा, हें कळल्याशिवाय बाण काढूं देणार नाहीं असें म्हणणारा रोगी मरून जाईल, एवढेंच तींत आहे. ती ईश्वराला लावण्याचा उपद्व्याप मागाहूनचा.

ईश्वराविषयीं बुद्धानें मौन धरलें नव्हतें. त्यानें सरळ उत्तर दिलेलें आहे. अंगुत्तरनिकायांतील एका सुत्तांत तो तीन मतांची तपासणी करतो. मनुष्याच्या वांट्यास येणारें सर्व सुखदुःख पूर्वजन्मींच्या कर्मानेंच येतें हें एक. ईश्वरानें तसें निर्माण केल्यामुळें येतें हें दुसरें. आणि कांहींएक कारणावांचून येतें हें तिसरें. तिन्ही मतें मानणारांस त्याचा एकच जबाब आहे. तसें असेल तर मनुष्य खून करतो, चोरी करतो, खोटें बोलतो, तेंही त्याच कारणामुळें करतो असें म्हणावें लागेल. मग हें करावें व हें करूं नये अशी इच्छा व प्रयत्न यांस जागाच राहत नाहीं. नास्तिक मित्र यांतील मधलें उत्तर उचलतो व दोन्ही बाजूंचीं उत्तरें टाकून देतो. वस्तुतः तिसरें उत्तर त्याच्याचसाठीं दिलेलें असण्याचा संभव अधिक; कारण सर्व कांहीं यदृच्छेनें घडतें असें म्हणणारे लोक त्या काळीं होते, आजही आहेत. आणि पहिलें उत्तर आस्तिकांनींही ऐकून ठेवण्यासारखें आहे. कर्म म्हणजे कपाळावरील लेख ही समजूत बुद्धाच्या माथीं मारतां येत नाहीं.

मग बुद्धाच्या जगांत देव नव्हतेच काय? होते, आणि पुष्कळ होते. इंद्र, म्हणजे शक्र, त्याजकडे प्रश्न विचारावयास येतो. ब्रह्मा सहंपति धर्मोपदेश करण्याविषयीं त्याची विनवणी करतो. पण या देवांची योग्यता काय ठरविली आहे तें पाहण्यासारखें आहे. दीघनिकायांतील पहिल्याच सुत्तांत सृष्टिकर्त्या ब्रह्म्याची कल्पना कशी निघाली याची एक मोठी गमतीची उपपत्ति दिली आहे. प्रलयानंतर जग पुन्हां उलगडूं लागतें, तेव्हां ब्रह्म्याचें विमान रिकामें असतें. वरच्या लोकांतील कोणी एक जीव आयुष्य किंवा पुण्य सरल्यामुळें तेथें येऊन पडतो. फार काळ एकटा राहिल्यावर त्यास सोबतीची इच्छा होते. त्याच सुमारास दुसरे जीवही आपापलें आयुष्य किंवा पुण्य सरल्यामुळें तेथें येऊं लागतात. पहिल्यास वाटतें कीं, इच्छा आपण केली आणि हे आले, तेव्हां यांचा कर्ता आपणच. आणि दुसऱ्यांस वाटतें कीं, हा आपल्या आधींपासून येथें आहे, तेव्हां आपला कर्ता हाच असला पाहिजे. खोटें कोणीच बोलत नाहीं, फसतात मात्र सगळे. दुसऱ्या एका सुत्तांत पंचमहाभूतांपैकीं चार कोठें निःशेष लय पावतात हें विचारीत एक भिक्षु देवलोकांतून फिरत फिरत महाब्रह्म्यापर्यंत जातो. महाब्रह्मा आपल्या पदव्यांचा मोठा पाठ म्हणून दाखवितो. पुनःपुन्हां विचारल्यावर त्यास हाताला धरून बाजूला नेतो, आणि हलक्या आवाजांत सांगतो कीं, हे देव मला सर्वज्ञ समजतात म्हणून त्यांच्यासमोर बोललों नाहीं, पण हें मलाही ठाऊक नाहीं. हा विनोद देवाच्या अस्तित्वावर नाहीं, त्याच्या प्रौढीवर आहे. बुद्धाला देव नाकारावयाचे नव्हते. त्यांना त्यानें संसारांत, आपल्याच बाकावर, आणून बसविलें. नास्तिकाची भूमिका याहून अगदीं निराळी आहे.

तेविज्ज सुत्ताची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. ज्या ब्राह्मणांनीं ब्रह्म्याला पाहिलेलें नाहीं, ज्यांच्या गुरूंनीं व गुरूंच्या गुरूंनींही पाहिलेलें नाहीं, ते त्याच्याकडे जाण्याचा मार्ग सांगतात. म्हणजे न पाहिलेल्या सुंदरीवर प्रेम करणारा, किंवा वाडा कोठें आहे हें ठाऊक नसतां चव्हाट्यावर जिना बांधणारा मनुष्य जसा, तसेच हे, असें बुद्ध म्हणतो. येथपर्यंत वाचून नास्तिक पुस्तक मिटतो. पुढच्याच भागांत बुद्ध सांगतो कीं, ब्रह्म्याला, ब्रह्मलोकाला व तिकडे जाणाऱ्या मार्गाला आपण जाणतों. आणि तो मार्ग म्हणजे सर्व दिशांस पसरणारी मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा.

आतां कालामांचें सुत्त. नास्तिकांच्या शिदोरींतील हा सर्वांत मोठा लाडू होय. कोसल देशांतील केसपुत्त गांवीं कालाम लोक राहत. येणारा प्रत्येक श्रमण व ब्राह्मण आपलें मत वाखाणतो व दुसऱ्याचें धिक्कारतो, तेव्हां खरें कोणाचें समजावें, असें त्यांनीं बुद्धास विचारलें. या सुत्ताच्या नांवावर आज एक सुभाषित सर्वत्र फिरतें. कोणाचेंही ऐकूं नका, ग्रंथांत आहे म्हणून मानूं नका, बुद्ध सांगतो म्हणूनही मानूं नका. स्वतःच्या तर्कास व व्यवहारबुद्धीस जें पटेल तेंच माना, असें तें सुभाषित. पूर्वार्ध बराचसा बरोबर आहे. उत्तरार्ध मूळ सुत्तांत नाहीं, इतकेंच नव्हे तर त्याच्या उलट आहे. कशाकशाच्या जोरावर मत स्वीकारूं नये याची दहा कलमी यादी तेथें आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, वदंता, ग्रंथप्रामाण्य, वक्त्याची छाप, आणि हा श्रमण आपला गुरु आहे ही भावना, हीं तींत आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीस तर्क बसविला आहे, अनुमान बसविलें आहे, वरवर दिसणाऱ्या कारणांचा विचार बसविला आहे, आणि आपण पूर्वींच धरलेल्या मताशीं जुळतें म्हणून एखादी गोष्ट पटणें हेंही बसविलें आहे. हें शेवटचें कलम तर चर्चामंडळांच्या दारावर लावावें असें आहे.

मग उरलें काय? उरली ती आचरणाची कसोटी. लोभानें, द्वेषानें, मोहानें भरलेला मनुष्य प्राणघात करतो, चोरी करतो, परस्त्रीकडे जातो, खोटें बोलतो. हें त्याच्या हिताचें कीं अहिताचें? सुज्ञ लोक याची निंदा करतात कीं स्तुति? कालामांस हें स्वतः जाणून घ्यावयास सांगितलें आहे, आणि स्वतःच्या जाणण्याबरोबर सुज्ञांचा अभिप्रायही मोजावयास सांगितला आहे. जगाची उत्पत्ति कशी झाली हा त्यांचा प्रश्न नव्हता व त्याचें उत्तर येथें दिलेलेंही नाहीं. सुत्ताच्या शेवटीं जीं चार आश्वासनें आहेत तीं फारच थोडे लोक सांगतात. परलोक असेल व कर्माचें फळ असेल, तर शुद्ध चित्ताच्या मनुष्यास मरणोत्तर सद्गति मिळेल. नसेल तर याच जन्मीं तो निर्वैर व सुखी राहील. पाप करणारास दुःख होत असेल, तर त्यानें पाप केलेलेंच नाहीं. आणि होत नसेल, तर दोन्हीपरी तो शुद्धच आहे. संशयी माणसाला संशय न सोडतां चालूं लागतां यावें, म्हणून ही सोय केलेली आहे. ऐकणारे कालाम अद्याप शिष्य नव्हते. सुत्त संपतां संपतां ते बुद्धास शरण गेले.

आत्मा नाहीं, तर पुनर्जन्म कोणाचा, हा नास्तिकांचा आवडता प्रश्न होय, आणि तो विचारण्यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तें एवढेंच कीं, याचें उत्तर कोणास सुचलें नव्हतें, सबब पुनर्जन्म हा मागाहून घुसडलेला असावा, असें धरून चालणें. यवन राजा मिलिंद यानें हाच प्रश्न नागसेनास विचारला आहे. एका दिव्यानें दुसरा दिवा लावला, तर पहिल्यांतलें कांहीं उठून दुसऱ्यांत जातें काय? रात्रीच्या पहिल्या प्रहरची ज्योत व शेवटच्या प्रहरची ज्योत एकच काय? तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे, असा नागसेनाचा जबाब आहे. तो पटो अथवा न पटो. पण बालपणींचा रामभाऊ व म्हातारपणींचा रामभाऊ यांविषयींही हीच अडचण आहे, आणि ती नास्तिकासही चुकत नाहीं. बोधीच्या रात्रीं बुद्धास जें ज्ञान झालें, त्यांतील पहिलें स्वतःच्या अनेक पूर्वजन्मांचें व दुसरें इतर जीवांच्या जन्ममरणाचें होतें, असें निकायांत वारंवार आलें आहे. हा भाग कापून काढावयाचा तर उरलेल्या वस्त्रास फार भोंकें पडतात.

निर्वाण म्हणजे शून्यांत विरून जाणें, ही समजूत तर बुद्धाच्या हयातींतच होती. मेल्यावर अर्हताचा निव्वळ उच्छेद होतो असें यमक नांवाचा भिक्षु म्हणूं लागला, तेव्हां सारिपुत्तानें त्याचें चुकीचें मत खोडून काढलें. असलेल्या प्राण्याचा विनाश मी शिकवितों असा खोटा आरोप लोक करतात, अशी बुद्धाची स्वतःची तक्रार मज्झिमनिकायांत आहे.

पूजा, धातु, स्तूप, तीर्थयात्रा हा सगळा पसारा पुढील काळांतील भोळ्या लोकांनीं वाढविला, मूळ धर्म कोरा बुद्धिवादी होता, असें म्हणण्याची वहिवाट आहे. ही वहिवाट बहुतांशीं युरोपांतून आली. एकोणिसाव्या शतकांत तिकडील पंडितांना पाली व संस्कृत पोथ्या सांपडल्या, पण जिवंत विहार, उपासक व उपासिका क्वचितच दिसल्या. आणि चर्चशीं भांडणाऱ्या सुशिक्षितांस असा एक धर्म हवाच होता. आईन्स्टाईनच्या नांवावर चालणारें, आधुनिक विज्ञानाशीं जुळणारा धर्म बौद्धच, अशा अर्थाचें वचन त्याच्या लेखांत सांपडत नाहीं. १९३० सालच्या एका लेखांत त्यानें बौद्ध धर्माविषयीं चार गौरवाचे शब्द लिहिले आहेत, पण ते शोपेनहौअरच्या ग्रंथांवरून कळल्याचें तो तेथेंच सांगतो. १९९७ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेल्या स्टीफन बॅचलर यांनीं श्रद्धाविरहित बौद्ध मताचें एक पुस्तक लिहिलें. ते स्वतः अनेक वर्षें भिक्षु होते व आपण नवी मांडणी करीत आहों हें त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वाचकांना तें नेहमींच ठाऊक असतें असें नाहीं.

दगड मात्र निराळी साक्ष देतात. अशोकानें राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षीं लुंबिनीस जाऊन पूजा केली व त्या गांवाचा कर हलका केला, हें तेथील स्तंभावर कोरलेलें आहे. त्याच्याही आधीं, चौदाव्या वर्षीं, त्यानें कनकमुनि नांवाच्या पूर्वींच्या एका बुद्धाचा स्तूप दुप्पट वाढविला, असें निगालीसागर येथील स्तंभ सांगतो. म्हणजे इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतच, ऐतिहासिक बुद्धाचें तर राहोच, त्याच्या पूर्वींच्या बुद्धांचेही स्तूप पूजेंत होते. दूर कशास जावें? मुंबईशेजारच्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकरला, तेव्हां मोठ्या दगडी करंडकांत तांब्याचा, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व सर्वांच्या आंत सोन्याचा करंडा सांपडला. आणि त्या सोन्याच्या करंड्यांत होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत असें भगवानलालांचें मत होतें. ते खरोखर त्या पात्राचे असोत वा नसोत. खापऱ्यांस सोन्यांत ठेवणाऱ्या त्या सोपाऱ्याच्या लोकांना आपण भोळे बौद्ध आहों असें वाटलें नसावें, आपण बौद्ध आहों असेंच वाटलें असावें.

महाराष्ट्रांत या प्रश्नास आणखी एक धार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३५ सालीं येवल्यास, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. आणि एकवीस वर्षें विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास भिक्षु चंद्रमणि यांजकडून त्रिशरण व पंचशील घेतलें. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथांत त्यांनीं पुनर्जन्माचा अर्थ निराळा केला. आत्म्याचा नव्हे तर शरीरांतील महाभूतांचा पुनर्भव, असा तो आहे. परंपरेच्या भिक्षूंपैकीं पुष्कळांना तो मान्य नाहीं, आणि तो मतभेद प्रामाणिक आहे. परंतु या मांडणीच्या आधारानें बाबासाहेबांस केवळ धर्म नाकारणारांच्या रांगेंत उभें करणें हा त्यांच्यावर अन्याय होय. धर्म नको असता तर एकवीस वर्षें थांबण्याचें व शेवटीं शरण जाण्याचें प्रयोजनच नव्हतें. मनुष्यास धर्म आवश्यक आहे, पण तो नीतिमय असला पाहिजे, हें त्यांचें म्हणणें होतें. नोव्हेंबर १९५६ मध्यें काठमांडूस बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलतांनाही त्यांनीं तें सोडलें नाहीं. म्हणून एखाद्या घरांत सायंकाळीं आजी बुद्धाच्या तसबिरीपुढें मेणबत्ती लावून वंदना म्हणत असतां, महाविद्यालयांतून आलेला नातू किंवा त्याचा मित्र, आजी, बुद्ध तर नास्तिक होता, हें कशाला, असें म्हणतो, तेव्हां तो आजीस बुद्ध शिकवीत नसतो. तिनें व तिच्या नवऱ्यानें जातीचा अपमान झुगारून जें घेतलें, तें तो तिच्या हातून काढून घेत असतो. आणि तेंही बुद्धाच्या नांवानें.

नास्तिकांस प्राचीन बौद्ध ग्रंथांत आपला पूर्वज हवाच असेल, तर तो आहे. त्याचें नांव पायासी. कोसल देशांत सेतव्या नगरीचा हा अधिपति, आणि परलोक नाहीं, कर्माचें फळ नाहीं, असें त्याचें पक्कें मत. तें त्यानें नुसत्या तोंडानें धरलें नव्हतें, प्रयोग करून पाहिले होते. मरणास टेकलेल्या पापी आप्तांस त्यानें विनविलें कीं, नरक असला तर परत येऊन सांगा. पुण्यवंतांस विनविलें कीं, स्वर्ग असला तर कळवा. कोणीही आलें नाहीं. देहांताची शिक्षा झालेल्या चोरास जिवंतपणीं रांजणांत घालून, तोंड ओल्या चामड्यानें व मातीनें बंद करून, तो भट्टींत चढविला. मग तोंड हळूच उघडून जीव बाहेर पडतांना दिसतो काय हें पाहिलें. दिसला नाहीं. दुसऱ्या चोरास आधीं तोललें, रक्त न सांडतां गळा आवळून मारलें व पुन्हां तोललें. तो उलट जड भरला. प्रयोग निर्दय आहेत यांत शंका नाहीं, पण प्रश्न विचारण्याची रीत चोख आहे.

कुमार कस्सप नांवाच्या भिक्षूनें त्याच्याशीं वाद केला. पकडलेल्या चोरास मारेकरी आप्तांस भेटावयास सोडतील काय, मग नरकपाल कसे सोडतील? शौचकूपांतून काढून, न्हाऊमाखू घालून, माळा घालून माडीवर बसविलेला मनुष्य पुन्हां त्या कूपांत उडी घेईल काय? तापलेला लोखंडाचा गोळा हलका असतो व थंडावलेला जड, तसेंच शरीराचें. शंभर वर्षांचा मनुष्यकाळ म्हणजे तेहतीस देवांचा एक दिवस, हें ऐकून पायासी ताडकन विचारतो कीं, हें तुम्हांस कोणीं सांगितलें? खरें बोलावयाचें तर आजच्या वाचकास या वादांत प्रश्न अधिक भक्कम व उत्तरें अधिक सुंदर वाटतात. तापलेलें लोखंड हलकें होत नाहीं, हें आतां शाळेंतील मुलासही ठाऊक आहे.

शेवटीं पायासी एक कबुली देतो, आणि ती फार माणुसकीची आहे. राजा पसेनदि व भोंवतालचे राजे आपणांस या मताचा म्हणून ओळखतात. तें सोडलें तर पायासी किती मूर्ख असें ते म्हणतील, सबब लाजेखातर तें आपण धरून राहूं, असें तो म्हणतो. कस्सप त्यास तागाचा भारा वाहणाऱ्याची गोष्ट सांगतो. वाटेंत सूत, कापड, तांबें, रुपें, सोनें सांपडत जातें. सोबती ओझें बदलीत जातो, हा मात्र भारा नीट बांधला आहे व लांबून आणला आहे म्हणून तागच घेऊन घरीं येतो. मग पायासी शरण जातो, दान देऊं लागतो. पण तें कण्यांचें व जाड्याभरड्या वस्त्रांचें, आणि मनापासून नव्हे. मेल्यावर त्यास एक रिकामें विमान मिळतें, आणि त्याच दानावर देखरेख करणारा उत्तर नांवाचा तरुण, आदरानें दिल्यामुळें, तेहतीस देवांत जन्मतो.

दीघनिकायांतील हें तेविसावें सुत्त आहे. धर्मग्रंथ पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या भिक्षूंनीं पायासीचा एकही प्रश्न गाळलेला दिसत नाहीं. रांजण, तराजू व तें ताडकन विचारलेलें ‘कोणीं सांगितलें’, सारें तेथें जसेंच्या तसें आहे.